पैलतीरच्या लेकीचं ताट

ऐका सटवाई माउली, तुमच्या ताटाची कहाणी.

एक नदी होती. अल्याड एक आटपाट नगर, पल्याड एक आटपाट नगर. अल्याडला एक राजा, पल्याडला एक राजा. मधे नाव चाले. नावेतून मीठ जाई, गूळ येई. इकडची लेक तिकडे सून होई, तिकडची लेक इकडे सून होई. माणसं म्हणत, नदी कसली, ही तर दोन आळ्यांमधली वाट.

दोन्ही नगरांत सटवाईचा एकच वसा होता. ज्या घरी बाळ जन्मेल त्या घरी आळीतल्या बायांनी ताट न्यावं. आज हिनं न्यावं, उद्या तिनं न्यावं, बारसं होईतो न्यावं. ताटात काय असावं? मऊ भात असावा, वर तुपाची धार असावी. शेपूची भाजी असावी, तिला लसणीची फोडणी असावी. हळिवाची खीर असावी, चिमूटभर ओवा असावा. घरी रांधलेलं असावं, ऊन ऊन असावं, पदराखाली झाकून न्यावं. उंबऱ्याशी हाक द्यावी. बाळंतीण कोण, कुणाची, ते विचारू नये. ती पोटभर जेवली की बाळाला दूध उतरतं, आणि सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला बसते तेव्हा तिचा हात आखडत नाही.

अल्याडच्या नगरात सुभानजी तेली होता. त्याची बायको म्हाळसा. दारी घाणा होता, घाण्याला बैल होता, घरात तिळाची पोती होती. म्हाळसेच्या हाताला चव होती. तिच्या ताटावाचून आळीतलं एक बाळंतपण पार पडलं नव्हतं. तिला एकुलती एक लेक, राही. ती पल्याडच्या तेल्याच्या घरी दिलेली. राहीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी रीत. राहीचा निरोप आला, आई, मला न्यायला नावेपर्यंत गाडी कधी पाठवतेस?

तेव्हा सुभानजीच्या घरी नवा घाणा बसत होता. म्हाळसा म्हणाली, सुतार येऊन जाऊ दे, मग गाडी पाठवू. सुतार येऊन गेला. मग म्हणाली, तिळाचा माल उतरू दे, मग पाठवू. माल उतरला. मग म्हणाली, घाण्याची पूजा होऊ दे, मग पाठवू. घाण्याची पूजा झाली. तोवर काय झालं? नदीनं मधोमध गाळ टाकला, गाळाचं बेट झालं, बेटावर कुणी न पेरता कलिंगडं धरली. अल्याडचा राजा म्हणाला, बेट माझं. पल्याडचा राजा म्हणाला, बेट माझं. दोघांचं वैर जुंपलं. दोन्ही काठांवर दवंडी फिरली. आजपासून नाव बंद. पलीकडच्या माणसाला जो अन्न देईल, पाणी देईल, विस्तव देईल, त्याचा धंदा बुडेल, त्याचं घर उठेल.

दवंडी झाली, नावा वर ओढल्या, काठावर पहारा बसला. म्हाळसेची गाडी दारात जुंपलेली होती. बैल सोडले, गाडी छपरात गेली. राही पल्याड राहिली.

आता अल्याडच्या बाजारात एक बाई अडकली होती. तिचं नाव केसर. ती पल्याडच्या नावाड्याची बायको. दवंडीच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर नावेतून आली आणि मासळी विकायला बसली. नवरा बाजारकरी घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, पुढच्या खेपेला तुला नेतो. पुढची खेप झालीच नाही. केसर पोटुशी होती, दिवस भरत आलेले. नावेच्या उतारावर जाळी ठेवायची एक खोपी होती, ती तिथं राहिली. मासळी संपली, मग जवळची भाकरी संपली. मग तिला कळा आल्या. सुईण आली नाही. तिनं आपल्या हातानं नाळ कापली. तिला मुलगा झाला.

बाळ रडलं ते आळीत ऐकू आलं. बाया उठल्या. पहिली पाळी म्हाळसेची होती. तिनं भात रांधला, तूप घातलं, खीर केली, ताट पदराखाली घेतलं, उतारावर गेली. तिथं पहाऱ्यावर हैबती नाईक होता. त्यानं काठी आडवी धरली. विचारलं, बाई, ताट कुणाला? म्हाळसा म्हणाली, बाळंतिणीला. तो म्हणाला, अल्याडच्या की पल्याडच्या? म्हाळसेनं ताट पदराखाली आणखी झाकलं. नाईक म्हणाला, तुमचा नवा घाणा चांगला चालतो म्हणे.

मग म्हाळसा मागं फिरली. आळीतल्या बायांनी तिला मागं फिरलेलं पाहिलं. त्यांनीही आपापली ताटं झाकून ठेवली. ताट घरी आणलं ते कुणाच्या घशाखाली उतरेना. गाईपुढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळसेनं ताट केलंच नाही. उतारावरून बाळाचं रडणं येत होतं. घाणा फिरत असला की त्याच्या कुरकुरीत ते बुडून जाई. बैल थांबला की ऐकू येई. म्हाळसेनं बैलाला थांबू दिलं नाही. सुभानजी म्हणाला, अगं, जनावर दमलं. ती म्हणाली, अजून एक घाणी होऊ दे.

तिसऱ्या दिवशी केसर स्वतः आळीत आली. कुडाला धरून चालत आली, बाळ पदरात. पहिलं दार लागलं, दुसरं दार लागलं. मग ती म्हाळसेच्या दारी आली. वाटीभर पेज मागितली, म्हणाली, नुसतं पाणी असलं तरी चालेल, कोमट असावं. म्हाळसा दाराच्या आत उभी होती. चुलीवर पेज शिजत होती, पल्याडच्या पालखीची वाजंत्री नदीवरून ऐकू येत होती. तिनं घाण्याकडं पाहिलं, मग कडी लावली. कडीचा आवाज दोघींनी ऐकला. केसर जराशी उभी राहिली आणि मग निघून गेली.

हे असं झालं. चौथा दिवस उजाडला.

नदीला वर एका ठिकाणी खडक होते, पात्र अरुंद होतं. तिथं दोन्हीकडचे परीट धुणं धूत. पहारा नसला की एकमेकांना ओरडून बातम्या सांगत. सकाळी अल्याडचा परीट म्हाळसेच्या दारी आला. म्हणाला, तेलीणबाई, तुमची राही बाळंत झाली, मुलगी आहे.

म्हाळसेला आनंद झाला. तो टिकला नाही. परटाचं तोंड उतरलेलं होतं. तिनं पुढचं विचारलं. तो म्हणाला, जावई लष्करात धरून नेला. विहीणबाई तापानं अंथरुणाला खिळल्या. आळीतल्या बाया ताट नेत नाहीत, म्हणतात, ती अल्याडची. राहीला दूध उतरलेलं नाही.

म्हाळसेनं विचारलं, आणि मूल?

परीट म्हणाला, रडायचं थांबलंय म्हणतात.

मग म्हाळसा आत गेली. चूल पेटवली. तांदूळ सांडले, ते वेचले. भात केला, भाजी केली, खीर केली, ताट वाढलं, झाकलं, उतारावर धावत गेली. नाईकाला म्हणाली, माझी लेक पल्याड उपाशी आहे. एक नाव सोडा, एक माणूस जाऊ द्या, एवढं ताट जाऊ द्या. नाईक म्हणाला, नाव सोडली तर माझं डोकं जाईल. तिनं कानातल्या बुगड्या काढून पुढं केल्या. त्यानं घेतल्या नाहीत.

मग ती खाली वाळूत गेली. दोन भोपळे आणले, त्यांवर पाटी बांधली, पाटीत ताट ठेवलं, नदीची खणानारळानं ओटी भरली आणि पाटी सोडली. पाटी थोडी पुढं गेली. मग धारेला लागली, फिरली, उलटली. भात पाण्यावर पसरला, मासे वर आले.

मग ती घरी गेली, दुसरं ताट केलं, डोक्यावर घेतलं, आणि पाण्यात उतरली. घोट्याएवढं पाणी झालं, कमरेएवढं पाणी झालं, छातीएवढं पाणी झालं. पायाखालची वाळू सरकू लागली. तेवढ्यात मागून कुणी पदर धरला.

वळून बघते तो एक म्हातारी. केस पांढरे, कपाळावर मळवट, बोटांना शाई लागलेली. ती कोण होती ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. म्हाळसेला ठाऊक नव्हतं.

म्हातारी म्हणाली, “बाई बाई, बुडायला ताट कशाला घेतलंस?”

म्हाळसा म्हणाली, “लेकीला न्यायचं आहे.”

“लेक कुठं आहे?”

“पल्याड.”

“म्हणजे ताट पल्याडच्या लेकीचं आहे.”

“हो.”

“पल्याडची लेक त्या खोपीत पडली आहे. तिथं जायला नदी ओलांडावी लागत नाही.”

म्हाळसा पाण्यात तशीच उभी राहिली. मग विचारलं, “आई, तिला दिलं तर माझ्या राहीला पोचेल?”

म्हातारी म्हणाली, “पोचेल असं मी सांगत नाही. राहीचं राहीपाशी. तुझ्या हातात ताट आहे, ते ऊन आहे, आणि खोपीतलं बाळ रडत नाही. एवढंच मला दिसतं.”

म्हाळसा पाण्यातून वर आली. अंगावरून पाणी निथळत होतं. मागं पाहिलं तर म्हातारी नव्हती. नाईक उताराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. ती वाकून खोपीत शिरली.

खोपीत काळोख होता, माशांचा वास होता. केसर जाळ्यांवर पडली होती. बाळ छातीशी होतं, पण ओढत नव्हतं. केसरनं डोळे उघडले. तिनं म्हाळसेला ओळखलं. ती म्हणाली, “काल कडी लावलीत.”

म्हाळसा म्हणाली, “लावली.”

“मग आज ताट कशाला?”

म्हाळसेला खोटं सांगवेना. ती म्हणाली, “माझी लेक तुझ्या गावात बाळंतीण आहे. तिला कुणी ताट नेत नाही. माझं तिथवर पोचत नाही.”

केसर म्हणाली, “म्हणजे हे ताट माझं नव्हे.”

 म्हाळसेनं झाकण काढलं. भातावर तूप होतं, वाफ येत होती. ती म्हणाली, “घरून निघताना तुझं नव्हतं. आता तुझं आहे. माझ्यावरचा राग बाळावर काढू नकोस.”

केसरनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात उचलेना म्हणून म्हाळसेनं घास केला, तोंडाशी नेला. पहिला घास केसरनं नुसता तोंडात धरला. दुसरा गिळला. तिसऱ्या घासाला ती लहान पोरीसारखी रडली आणि खाऊ लागली. मग म्हाळसेनं बाळ मांडीवर घेतलं. अंग गार होतं. आपलं लुगडं ओलं, म्हणून चोळीच्या आत उबेला धरलं. बोट खिरीत बुडवून ओठांना लावलं. बाळानं ओठ हलवले नाहीत. पुन्हा लावलं. हलवले नाहीत. तिसऱ्यांदा लावलं. तेव्हा बाळानं बोट ओढलं.

म्हाळसा घरी आली. पल्याड राहीचं काय झालं असेल ते तिला कळायला वाट नव्हती. खडकांवर पहारा बसला होता, परटांचं ओरडणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तेलाच्या बुधल्यात खीर भरली, वर फडकं बांधलं, नाईकाला म्हणाली, नावांना तेल लावायला नेते. नाईकानं जाऊ दिलं. त्या दिवशी केसर दोन घास आपल्या हातानं जेवली.

तिसऱ्या दिवशी नाईकानं फडकं सोडून पाहिलं.  बुधला उलटा केला. खीर वाळूत गेली. म्हाळसा घरी गेली. पुन्हा रांधलं, पुन्हा आली. त्यानं काठीनं ताट पाडलं. ती पुन्हा घरी गेली. आता हळीव संपला होता, तूप संपलं होतं. घाईत तिनं जळतं लाकूड हातानं सारलं, बोटं भाजली. मऊ भात केला, मीठ घातलं, तिळाचं तेल घातलं, आणि उघड ताट दोन्ही हातांत घेऊन ती ऐन दुपारी उतारावरून चालत आली. आळीतल्या बाया दाराआडून बघत होत्या.

नाईकानं काठी उगारली. म्हाळसा थांबली, पण मागं सरली नाही.

नाईक म्हणाला, “बाई, तुला घाणा नको का?”

म्हाळसा म्हणाली, “हवा.”

“घर नको का?”

“हवं.”

“मग परत जा. तुझी लेक या खोपीत नाही.”

“माझी लेक पल्याड आहे. तिच्या दाराशीही कुणी काठी घेऊन उभा असेल. त्याला मी काही सांगू शकत नाही. तुला सांगते. ताट खाली पाड, मी पुन्हा रांधून आणीन. घरात तांदूळ आहे तोवर आणीन, संपला की मागून आणीन.”

नाईकाची काठी वर होती. त्यानं तिची भाजलेली बोटं पाहिली.  मग काठी खाली टेकवली आणि नदीकडं तोंड केलं. म्हणाला, “मला नदीवर नजर ठेवायचा हुकूम आहे.”

म्हाळसा त्याच्या पाठीमागून खोपीत गेली.

पण राजाला कान असतात. कुणीतरी चुगली केली. संध्याकाळच्या आत राजाची माणसं आली. घाण्याची लाट, जिच्याखाली तीळ रगडले जातात, ती उपटून घेऊन गेली. घाणा मुका झाला. सुभानजी ओट्यावर बसला. म्हाळसेला वाटलं, आता हा बोलेल, टाकून बोलेल. तो काही बोलला नाही, जेवलाही नाही. सकाळी उठला, कोपऱ्यात शेवटचं मडकं होतं, त्यातलं तेल वाटीत काढलं, कोमट केलं, म्हाळसेपुढं ठेवलं. म्हणाला, बाळंतिणीचं अंग चोळल्याशिवाय कंबरेत बळ येत नाही. राहीचंही कुणी चोळत असेल तर बरं.

म्हाळसेनं डोळ्यांना पदर लावला, ताट घेतलं, वाटी घेतली, निघाली. आळीच्या तोंडाशी शेजारची लिंबाबाई उभी होती. तिच्या पदराखाली काहीतरी होतं. ती म्हणाली, शेपूची भाजी आहे, एकटीला काय काय जमणार तुला. उद्याची पाळी माझी. मग तिसरी आली, मग चौथी आली. जी दारं लागली होती ती उघडली. नाईक सकाळी नदीकडं तोंड करी, ते सूर्य मावळेतो तसाच राही. बायांनी खोपीतच बारसं केलं. बाळाचं नाव ठेवलं तारू.

केसरला दूध आलं, अंगाला रंग आला. म्हाळसा रोज जाई, रोज खोपीच्या दारातून पल्याड बघे. पल्याडची घरं खड्यांएवढी दिसत. माणूस मुंगीएवढा दिसे. कुणी चाललं की तिला वाटे, ही ताट घेऊन चालली असेल का? कुणी बसलं की वाटे, ही रडत बसली असेल का? केसर ते बघे. एकदा तिनं विचारलं, राहीचं घर कुठल्या अंगाला? म्हाळसेनं बोट दाखवलं. केसर म्हणाली, त्या आळीत माणसं वाईट नाहीत. मग जरा थांबून म्हणाली, तुमच्या आळीतलीही नव्हती. म्हाळसेनं मान खाली घातली.

पुढं कलिंगडांचा बहर सरला. राजांचाही राग सरला. वैर धरताना प्रजेला विचारलं नव्हतं, समेट करतानाही विचारलं नाही. दवंडी फिरली, नावा पाण्यात लोटल्या. पहिल्याच नावेत म्हाळसा बसली, केसर बसली, बाळ बसलं. म्हाळसेच्या मांडीवर ताट होतं. वाटेत केसर म्हणाली, सटवाईनं माझ्या पोराच्या कपाळी सगळं लिहिलं असेल. तुमची कडीही लिहिली असेल, ताटही लिहिलं असेल. म्हाळसा म्हणाली, लिहू दे, दोन्ही खरं आहे.

नाव लागली. केसरचा नवरा पाण्यात गुडघाभर उभा होता. त्यानं बाळ घेतलं आणि तिथंच खाली बसला. म्हाळसा थांबली नाही. राहीच्या आळीत आली, राहीच्या दाराशी आली. दार लोटलेलं होतं. तिनं हाक दिली. आतून उत्तर नाही. पुन्हा हाक दिली, उत्तर नाही. तिसऱ्यांदा हाक द्यायला तोंड उघडलं. 

तेवढ्यात आतून बाळ रडलं. चांगलं खणखणीत रडलं.

म्हाळसा आत गेली. राही भिंतीला टेकून झोपली होती. अंगानं वाळलेली, पण कपाळाला हळदकुंकू, अंगाला तेल. शेजारी मुलगी हातपाय झाडत होती. आईनं हात लावला तशी राही जागी झाली. मग दोघी किती वेळ रडल्या त्याला मोजमाप नाही.

म्हाळसा म्हणाली, माझ्या बाई, तू कशी जगलीस? राहीनं सांगितलं. आधी कुणी आलं नाही. तांदळाचं धुवण पिऊन राहिले. मूल निपचित पडलं. मग उंबऱ्याशी कुणी हाक दिली. बघते तर कुंभाराची ठकूबाई, डोक्यावर मडक्यांची उतरंड. म्हणाली, मडकी हवीत का? मी म्हटलं, माझ्यापाशी द्यायला काही नाही. ती म्हणाली, वरचं उतरवून घे. वरच्या मडक्यात ऊन ऊन भात होता, खालच्यात खीर होती. तेव्हापासून रोज येते. मी विचारलं, मावशी, मी अल्याडची, तुम्हाला भीती नाही वाटत? तर म्हणाली, माझी लेक बाळंतपणात गेली. तिच्याकडं कुणी ताट नेलं नव्हतं.

म्हाळसेनं विचारलं, “ती पहिल्यांदा कधी आली?”

राही म्हणाली, “इथल्या देवळात पालखी होती त्या दिवशी. वाजंत्री ऐकू येत होती.”

 पालखीची वाजंत्री त्या दिवशी नदीवरून अल्याडही ऐकू आली होती. तेव्हा म्हाळसा दाराच्या आत उभी होती, चुलीवर पेज होती, आणि तिनं कडी लावली होती. परटानं आणलेली बातमी शिळी होती. म्हाळसा ताट घेऊन पाण्यात उतरायच्या आधीच राहीला ताट पोचलं होतं.

ती उठली. आणलेलं ताट राहीपुढं वाढलं. मग कुंभारवाड्यात गेली. ठकूबाई ओलं मडकं थापीनं थापटत होती. म्हाळसेनं आपलं नाव सांगितलं आणि खाली वाकली. ठकूबाई म्हणाली, पाय मातीनं भरलेत, राहू दे.

म्हाळसा म्हणाली, “बाई, तू माझ्या लेकीला पहिलं ताट नेलंस त्या दिवशी तुझ्या गावची बाळंतीण माझ्या दारात उभी होती. मी कडी लावली.”

ठकूबाईची थापी थांबली. मग पुन्हा चालू झाली. “मला कुठं ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“ठाऊक असतं तर?”

ठकूबाईनं मडकं फिरवलं, विचार केला. म्हणाली, “तर फार राग आला असता. रागानं शिव्या घालीत भात शिजवला असता. पण नेला असता. तुझ्या पोरीनं काय केलं होतं?”

 मग घाण्याची लाट कशी गेली ते म्हाळसेनं सांगितलं आणि विचारलं, तुझी फेड कशी करू? ठकूबाई म्हणाली, फेड नको. घाणा चालू झाला का? म्हाळसा म्हणाली, नवी लाट कोरायला बाभळीचं लाकूड आणलं आहे. ठकूबाई म्हणाली, बरं झालं. आमच्या वाड्यामागं पाथरवटांचं पाल उतरलं आहे, कुठले कोण, बोली कळत नाही. त्यांची एक बाई काल बाळंत झाली. आजचं ताट मी नेलं. उद्याचं तुझं.

म्हाळसा त्या रात्री लेकीकडं राहिली. सकाळी आंघोळ केली, चूल पेटवली, भात रांधला, तूप घातलं, खीर केली. ताट पदराखाली घेतलं आणि अनोळखी पालाशी जाऊन उंबरा नव्हता तिथं हाक दिली.

बायांनो, हा वसा असा आहे. ताट ऊन न्यावं, झाकून न्यावं. आपलं परकं विचारू नये. आपल्या लेकीला पोचेल म्हणून नेऊ नये, नेलं की विसरावं. कडी लावली गेली असेल तर ती काढावी, उशीर झाला म्हणून लाजू नये.

सटवाई माउली, जशी राहीला ठकूबाई भेटली, जशी केसरला म्हाळसा भेटली, तशी आमच्या लेकीबाळींना, सुनांना, वाटेवर अडकलेल्या कुणाच्याही लेकीला ऊन ताट घेऊन उंबऱ्याशी कुणीतरी भेटो. बाळाच्या तोंडी दूध उतरो, तुमच्या लेखणीला शाई पुरो. कहाणी साठ बोलांची, सांगितली पाच बोलांत. ज्यांनी ऐकली त्यांना फळो, इथं पुरी झाली.